साठीचा फेरा आणि तापमापक

हल्ली एक तर्क मोठ्या ऐटीत फिरतो आहे. पृथ्वीचे तापमान दर साठ वर्षांनी चढते-उतरते. गुरू आणि शनी साठ वर्षांनी आकाशाच्या जवळपास त्याच भागात पुन्हा भेटतात. आपल्या पंचांगात संवत्सरेही साठच. तेव्हा पूर्वजांना हवामानाचे चक्र ठाऊक होते आणि कार्बनचा बागुलबुवा पाश्चात्त्यांनी उभा केला! एका व्याख्यानमालेत एका निवृत्त अभियंत्यांनी हे आलेखासह मांडले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना उत्तर देता येत नाही, आलेखाला देता येते.

आधी पंचांगाचे बघू. मुळात गुरूने एक रास ओलांडली की एक संवत्सर. मध्यम गतीने गुरूला एक रास ओलांडायला सुमारे 361 दिवस लागतात, म्हणजे सौरवर्षाहून चारेक दिवस कमी. त्यामुळे गुरूशी इमान राखायचे तर साधारण 85 वर्षांत एक संवत्सर गाळावे लागते. उत्तरेत ते गाळत आले. दक्षिणेत, आपल्याकडेही, हजारेक वर्षांपूर्वी ते बंद पडले आणि नावे नुसती ओळीने येत राहिली. बार्हस्पत्य, म्हणजे गुरूच्या, संवत्सरांचा हा हिशेब शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 1896 सालच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त आहे, तोही मराठीत. परंपरेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्याने तो ग्रंथ निदान उघडून पाहायला हरकत नव्हती.

आता आलेख. जागतिक तापमानाची नोंद 1850 पासूनची. तीत 1880 आणि 1940 च्या आसपास उंचवटे, 1910 आणि 1970 च्या सुमारास खळगे. साठ वर्षांचे जेमतेम तीनेक फेरे! तरी हे निव्वळ खुळचटपणाचे नाही. हवामानशास्त्रज्ञ श्लेसिंजर आणि रमणकुट्टी यांनी 1994 मध्ये याच नोंदींतून 65 ते 70 वर्षांचे आंदोलन काढून दाखवले होते. प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

इथे मला अर्थशास्त्रज्ञ येवगेनी स्लुत्स्की आठवतो आणि त्याच्यासाठी मी जरा जास्त जागा घेणार आहे. 1927 साली मॉस्कोच्या एका संस्थेत बसून या गृहस्थाने सरकारी सोडतीत निघालेले आकडे घेतले. सोडतीचे आकडे, ज्यांना ना आई ना बाप. मग शेजारशेजारच्या दहा-दहा आकड्यांच्या सरकत्या बेरजा करून त्यांचा आलेख काढला. निघाल्या त्या लाटा. चढ, उतार, पुन्हा चढ. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या व्यापारी तेजी-मंदीच्या आलेखावर त्या ठेवल्या, तर दोन्ही आश्चर्य वाटावे इतके जुळले. तेजी-मंदीमागे सोडत आहे, असे त्याला म्हणायचे नव्हते. जिथे आजच्या स्थितीत कालचे काही शिल्लक राहते, तिथे निव्वळ धक्क्यांतूनही चक्रासारखे काही उमटते, एवढेच त्याचे म्हणणे. समुद्राइतके कालचे शिल्लक ठेवणारे पृथ्वीवर दुसरे काय आहे? गंमत म्हणजे त्या संस्थेचा प्रमुख निकोलाय कोंद्रात्येव, पन्नासेक वर्षांच्या आर्थिक लाटांचा प्रणेता. पुढे 1938 मध्ये स्टालिनच्या राजवटीने त्याला गोळ्या घातल्या. त्याच्याच छपराखाली स्लुत्स्की लाटांच्या मुळावर घाव घालत होता. आमच्याकडच्या संस्थांत असा हाताखालचा माणूस किती दिवस टिकला असता, हा विषय वेगळा.

दुसरा साक्षीदार आपल्या हवामान खात्यातलाच; पण आधी त्याची पार्श्वभूमी. 1877 च्या सुमारास, दख्खन आणि मद्रास इलाखा दुष्काळात होरपळत असताना, खगोलशास्त्रज्ञ लॉकियर आणि ब्रिटिश अधिकारी हंटर सौरडागांच्या अकरा वर्षांच्या चक्रात दुष्काळाचे वेळापत्रक शोधत होते. दुष्काळ सूर्यावर ढकलता आला की धान्य, सारा आणि रेल्वे यांचा जाब कुणी विचारत नाही. पुढे 1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर खात्याचा प्रमुख झाला. केंब्रिजचा गणिती, बूमरँगचाही शौकीन. 1914 मध्ये त्याने बजावले की शंभर आवर्तने तपासून त्यांतले सर्वांत ठळक तेवढे उचललेत, तर शंभर निव्वळ योगायोगांतला सर्वांत मोठा योगायोग किती मोठा असता, त्याच्याशी ते ताडून पाहा. ही चाळणी लावली की चक्रांच्या दुकानातला बराच माल उडून जातो.

म्हणून सगळीच चक्रे मोडीत काढायची का? नाही, त्याच वॉकरने पॅसिफिक ते हिंदी महासागर असा वायुदाबाचा हेलकावा शोधला. तो खरा आहे, मॉन्सूनला झोडपतो, पण घड्याळाप्रमाणे चालत नाही. 1998 नंतरच्या दीड दशकात हवेची तापमानवाढ मंदावली, त्यातही पॅसिफिकचा मोठा हात होता. निसर्गाचे चढ-उतार नाकारणारे आमच्या बाजूचे उत्साही लोकही म्हणूनच चुकतात. आणि हिमयुगांची चक्रे तर पक्की आहेत. गणिती मिलानकोविचने पृथ्वीच्या कक्षेवरून आधी गणित केले. 1976 मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांना सागरतळाच्या गाळात सुमारे 42,000 आणि 23,000 वर्षांची तीच आवर्तने सापडली. कारण आधी, चक्र नंतर. 65 ते 70 वर्षांच्या त्या आंदोलनाची, ज्याचे मूळ अटलांटिकमध्ये मानले गेले, गत बरोबर उलटी. त्याचे आज रूढ असलेले नाव हवामानशास्त्रज्ञ मायकेल मान यांनी 2000 साली सुचवले आणि 2021 मध्ये त्यांनीच लिहिले की त्या लाटांना ज्वालामुखींचे उद्रेक आणि मानवी प्रदूषण पुरेसे आहे. आपोआप होणाऱ्या आंदोलनाची गरज नाही. बऱ्याच जणांना हे पटलेले नाही. पण स्वतःच बारसे केलेल्या मुलाचा दाखला रद्द करणारा चक्रवादी मला अजून भेटायचा आहे.

समजा, साठीचे चक्र आहेच. तरी त्याने काय होईल? चक्र उष्णता इकडची तिकडे करते. समुद्राने हवेला ऊब दिली असती, तर समुद्र गार झाला असता. पण साठलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रातच गेली आहे. सूर्य म्हणाल, तर अकरा वर्षांच्या चक्रात त्याचे तेज जेमतेम दशांश टक्का हलते; आणि सूर्य तापला असता तर वरचे स्थितांबरही तापले असते. ते थंड होत आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड मागच्या विश्वावसु संवत्सरात, 1965 साली, दशलक्षात 320 भाग होता. 2025 च्या विश्वावसूत तो 425 च्या वर गेला. संवत्सर तेच, हवा ती नव्हे.

साठीच्या हिशेबाने 2000 च्या सुमारास माथा गाठून तापमान 2030 पर्यंत उतरायला हवे होते. प्रत्यक्षात 2015 ते 2024 ही दहा वर्षे नोंदींतली सर्वांत उष्ण दहा वर्षे ठरली. तेव्हा व्याख्यानमालांच्या संयोजकांना एक विनंती. पुढच्या वेळी चक्रवादी वक्त्याला जरूर बोलवा, पण मानधनाच्या पाकिटाआधी त्याच्याकडून एक कागद लिहून घ्या : तापमान कोणत्या वर्षी, किती अंशांनी उतरेल, आणि उतरले नाही, तर सिद्धान्त सोडणार का?