रुईपाशी थोडा वेळ

भिलाईच्या पावर हाउस स्टेशनातून बाहेर पडलं की गर्दीच आपल्याला पुढे नेते. कुणाला जवाहर मार्केट गाठायचं असतं, कुणी नंदिनी रोडच्या ऑटोला हात करत असतं, लोकलमधून उतरलेली माणसं जी. ई. रोडकडे निघालेली असतात. आज या ओघातून थोडं बाजूला या. रस्ता आणि भिंत यांच्यामध्ये, जिथे कुणी काही लावलेलं नाही आणि कुणी काही उपटतही नाही, अशी एखादी ओसाड पट्टी या भागात सहज सापडते. रुळांकडे जायचं नाही. कुंपणाच्या अलीकडेच आपल्याला पुरेल इतकं आहे. भाद्रपद सरत आला आहे, पावसानं उघडीप दिली आहे, ऊन अजून कोवळं आहे. फोन खिशातच राहू द्या.

आधी नुसते उभे राहा. काही शोधू नका. सुरुवातीला डोळ्यांना एकच हिरवा पसारा दिसेल, त्यावर धूळ, मध्येच प्लॅस्टिकची पिशवी. श्वास सावकाश होऊ द्या. मागून हॉर्न वाजत राहतील, स्टेशनवरची घोषणा कानावर येईल. ते सगळं असू द्या, त्याला घालवायचं नाही. हळूहळू त्या एका हिरव्यातून दुसरा हिरवा वेगळा होईल.

नाल्याच्या कडेला रुंद पानांची, फिकट जांभळ्या फुलांची बेशरम दिसेल. नागपूर-भंडाऱ्याकडून आलेल्या आपल्या घरांना आणि इथल्या छत्तीसगढी शेजाऱ्यांना ती याच नावानं ठाऊक आहे. तिच्या अलीकडे पांढऱ्या बारीक फुलांचं गाजरगवत. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. त्याच दशकात हे गवत पुण्यात नोंदलं गेलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याच्या दाटीतून डोकं काढून टाकळा उभा असेल. इथे त्याला चरोटा म्हणतात, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला बाजारात पसरा मांडून बसलेल्या बाया त्याची कोवळी भाजी विकतात. वनस्पती ओळखायला शिकायचं असेल तर त्यांच्याजवळ दोन मिनिटं बसा. कोवळं पान आणि जून पान त्यांना बोटांनीच कळतं.

टाकळ्याकडे जरा वाका. एका देठावर पानांच्या सहसा तीन जोड्या असतात. खालच्या जोड्यांच्या मध्ये, देठाला लागून, टाचणीच्या टोकाएवढी उभी ग्रंथी दिसते का पाहा. एकच आहे, सगळ्यात खालच्या जोडीत? की खालच्या दोन्ही जोड्यांत एकेक? दोन ग्रंथी असतील तर तो टाकळा, एकच असेल तर त्याचा अगदी जवळचा भाऊबंद. लांबून ही दोन्ही झाडं सारखीच दिसतात. हे बघायला भिंग लागत नाही, पण वाकावं लागतं आणि थोडं थांबावं लागतं. संध्याकाळी पुन्हा इथून गेलात तर हीच पानं जोडीजोडीनं मिटलेली दिसतील.

आता रुई. ती शोधावी लागणार नाही. करड्या-हिरव्या जाड पानांचं, कंबरेएवढं झुडूप एव्हाना नजरेत भरलेलं असेल. शनिवारी मारुतीला माळ वाहायची म्हणून आपण तिची पानं तोडत आलो आहोत, म्हणून ती आपल्याला माहीत आहे असं वाटतं. आज तोडायचं नाही. तिचा चीक डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते, त्यामुळे हात लागलाच तर आधी धुऊन घ्या.

पानं कशी लागली आहेत ते पाहा. समोरासमोर दोन पानं, आणि त्यांच्या वरची जोडी आडवी फिरलेली. वरून पाहिलं तर फुली दिसते. पानावर पांढरट लव आहे, ती कोवळ्या पानावर दाट आणि जुन्यावर विरळ. फुलाच्या मधोमध पाच कंगोऱ्यांचा उभा मुकुट आहे. या फुलातले पराग सुटे उडत नाहीत. ते छोट्या पिशव्यांत बांधलेले असतात आणि भुंग्याच्या पायाला अडकून दुसऱ्या फुलाकडे जातात. काळा, जड भुंगा इथे येतो. तो येईपर्यंत थांबता आलं तर थांबा.

कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा दाटलेला असेल, त्यात मुंग्यांची ये-जा. एखाद्या फांदीवर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा टोळही बसलेला दिसेल. इतके भडक रंग घेऊन तो उघड्यावर निवांत बसतो, कारण रुईचं विष त्याच्या अंगात उतरलेलं असतं. पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. त्याला डिवचू नका, तो अंगातून कडू द्रव फेकतो.

आता एक पान अलगद उलटं करा. खालच्या बाजूला, लवेत, फिकट रंगाचा एक उभा ठिपका असेल तर ते अंडं आहे. प्लेन टायगर या फुलपाखराची मादी सहसा एका पानावर एकच अंडं घालते. अंडं नसेल तर कुरतडलेलं पान शोधा. त्याच्या आसपास काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी असेल, आणि तिच्या पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ती खाताना दिसली तर आज दुसरं काही नाही पाहिलं तरी चालेल. खायच्या आधी ती पानाची शीर चावून तोडते, म्हणजे पुढच्या भागातला चीक वाहून जातो. मग ती त्या भागाकडे वळते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तिची आई अंडं घालून कधीच निघून गेलेली असते.

एवढ्यात एखादं केशरी फुलपाखरू झुडपावरून सावकाश गेलं असेल. त्याला घाई नसते, कारण तेही अळीपणी पोटात गेलेलं रुईचं विष बाळगून असतं. पंखांचं टोक काळं, त्यात पांढरे ठिपके. हा प्लेन टायगर असं आपण म्हणून टाकतो, फोन काढतो, फोटो घेतो आणि पुढे जातो. मला वाटतं, नेमकं इथेच थांबायला हवं. नाव हाती आलं की डोळे काम सोडतात. ते नाव थोडा वेळ बाजूला ठेवा आणि फुलपाखरू बसेपर्यंत वाट पाहा.

बसलं? आता मागच्या पंखाकडे पाहा, पुढच्या नाही. पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके आहेत का? तीन असतील तर प्लेन टायगरची मादी, चार असतील तर नर. चौथा ठिपका म्हणजे नराची गंधाची पिशवी. पण मधे एकही ठिपका नसेल आणि पुढच्या कडेला एकच काळा डाग असेल, तर तुमच्यासमोर वेगळंच फुलपाखरू बसलं आहे. ती डॅनेड एगफ्लायची मादी. तिच्या अंगात विष नाही. विषारी प्लेन टायगरसारखं दिसणं हेच तिचं संरक्षण. तिचा नर मात्र काळाभोर, त्यावर पांढरे मोठे ठिपके आणि त्यांच्याभोवती निळी-जांभळी झाक. दोघं एका जातीचे आहेत हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरं वाटत नाही.

तिची अळी घोळीवर वाढते. तीच घोळ, जी आपण डाळीत घालतो आणि जी आत्ता तुमच्या चपलेशेजारी, लाल देठांची, जमिनीला चिकटून पसरलेली आहे. विष पुरवणारी रुई आणि त्या विषाची नक्कल करणारीला वाढवणारी घोळ, दोघी वीतभर अंतरावर, बाजाराच्या गोंगाटात. ही डॅनेड एगफ्लाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वर्षानुवर्षं होती. त्याच अनुसूचीत वाघही आहे. वाघ पाहायला आपण कान्ह्याला जातो, ताडोब्याला जातो, महिनाभर आधी बुकिंग करतो. तिला पाहायला भाजीची पिशवी खाली ठेवली तरी पुरतं.

थोडा वेळ इथून फार लांब जाऊ. प्राचीन इजिप्तमधल्या थेब्स इथे, म्हणजे आजच्या लक्सरजवळ, नेबामून नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक भित्तिचित्र होतं. ते आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सुमारे 3,300 वर्षांपूर्वीचं. दलदलीत शिकार चालली आहे, पक्षी उडताहेत, आणि त्यांच्यामध्ये फुलपाखरं आहेत. केशरी पंख, काळं टोक, त्यात पांढरे ठिपके. आज ते चित्र पाहून प्लेन टायगर ओळखता येतो. लिनेअसनं 1758 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्याच्या कितीतरी आधी त्या अनाम चित्रकारानं ते पंख नीट पाहिलेले होते. त्या माणसाचा विचार करा. त्याच्याजवळ हे शास्त्रीय नाव नव्हतं, पुस्तक नव्हतं. तरी त्यानं काही गाळलं नाही.

आता फोन काढा.

ओळखीसाठी काढलेला फोटो सुंदर नसला तरी चालतो, तो पुरेसा असावा लागतो. आधी अख्खं झाड, आजूबाजूच्या जागेसकट. मग पान वरून, तेच पान खालून. पान खोडाला जिथे लागतं तो सांधा, टाकळ्याच्या बाबतीत तर तिथली ग्रंथी. फूल समोरून आणि बाजूनं. आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी बोट. फुलपाखराचा पहिला फोटो लांबूनच घ्या, मग एक पाऊल, मग आणखी एक. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. पंख उघडे असताना आणि मिटलेले असताना, दोन्ही हवेत. तारीख फोन आपोआप जपतो, आणि लोकेशन चालू असेल तर जागाही. त्या दोन गोष्टींमुळेच फोटोची नोंद होते.

ती नोंद आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकता येते. 2008 मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमातला प्रकल्प म्हणून ते सुरू केलं. तिथे यंत्र चटकन एखादं नाव सुचवतं, पण जात पक्की धरण्यासाठी नोंदीवर मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचं एकमत लागतं. कुणी आपल्या नावाला नाही म्हटलं तर ते का म्हटलं, हे शोधायला पुन्हा त्या झुडपाशी या. माझ्या मते शिकणं तिथूनच सुरू होतं.

रोजचंच तर आहे, त्याची कशाला नोंद, असं मनात येईल. येऊ द्या, आणि गिधाडं आठवा. पन्नाशीच्या पुढचे वाचक असतील त्यांनी लहानपणी गावाबाहेर मेलेल्या ढोरावर गिधाडांचे थवे पाहिलेले असतील. त्यांच्याकडे कुणी मुद्दाम पाहिलं नाही, इतकी ती नेहमीची होती. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश मात्र भरतपूरच्या केवलादेवमध्ये त्यांची घरटी मोजत राहिले. म्हणून 1990 च्या दशकात त्यांची संख्या कोसळते आहे हे आकड्यांनिशी दाखवता आलं. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 99 टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे कारण पुढे सापडलं, आणि 2006 मध्ये गुरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. आधीच्या वर्षांची मोजणी नसती तर किती गेली हे सांगताच आलं नसतं. पावर हाउसच्या या पट्टीवर आज साळुंक्या आहेत, चिमण्या आहेत, कबऱ्या मैना आहेत. त्यांचेही फोटो घ्या. किती दिसल्या तेही लिहा.

काही फोटोंना नाव मिळणारच नाही. फुलाशिवायचं गवत, पाठमोरा पतंग, अर्धवट धूसर कोळी. ते पुसू नका. फोनमध्ये त्यांच्यासाठी वेगळा अल्बम करा आणि महिन्याभरानं पुन्हा उघडून पाहा. तोवर तुम्ही आणखी चार झाडं पाहिलेली असतील.

पाऊस पुरता गेला की घोळ वाळेल, टाकळ्याच्या शेंगा तडकून बिया जमिनीत जातील, गाजरगवत पिवळं पडेल. रुई मात्र चैत्र-वैशाखातही हिरवी असते. तेव्हा सकाळी लवकर या आणि खालच्या फांद्यांवरची पानं उलटी करून पाहा. कोश मिळाला तर तो हिरवा किंवा फिकट गुलाबी असेल, देठाला लटकलेला, आणि त्यावर सोनेरी ठिपक्यांची रांग असेल. तो हलवू नका. जागा लक्षात ठेवा, आणि बाजारात जाता-येताना रोज एक फोटो घ्या.