तोडणारे चिन्ह आणि माहितीतले चिन्ह

संगणकाच्या लेखी मजकूर म्हणजे अक्षरांची सलग ओळ, म्हणजेच स्ट्रिंग. ‘पुणे,नाशिक,सातारा’ या ओळीत तीन शहरे आहेत हे वाचणाऱ्याला दिसते. प्रोग्रॅमला ते सांगावे लागते. स्वल्पविराम आला की तोड, असे सांगितले की तीन तुकडे हाती येतात. तोडण्याची खूण ठरवलेल्या अशा चिन्हाला डिलिमिटर म्हणतात. लिनक्सच्या पासवर्ड फाइलमध्ये ते काम कोलनकडे आहे: दर ओळीत सात रकाने, सहा कोलन. खात्याच्या नावात कोलन चालतच नाही, म्हणून ही व्यवस्था टिकून आहे.

सगळी मदार याच अटीवर असते: निवडलेले चिन्ह माहितीत येता कामा नये. स्वल्पविराम ही अट पाळू शकत नाही. ‘1,25,000’ ही रक्कम सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणाऱ्या फाइलमध्ये, तशीच लिहिली तर तिचे तीन रकाने होतात आणि पुढचे सगळे रकाने दोन घरे सरकतात. अनेकदा प्रोग्रॅम तक्रारही करत नाही; सव्वा लाखाच्या जागी मुकाट्याने 1 नोंदवला जातो. 2005 सालच्या आरएफसी 4180 या दस्तऐवजात यावरचा रूढ उपाय नोंदवला आहे: असे मूल्य दुहेरी अवतरणात ठेवायचे, आणि मूल्यातच अवतरणचिन्ह असेल तर ते दोनदा लिहायचे. मग मात्र नुसते स्प्लिट, म्हणजे दिलेल्या चिन्हावर ओळ तोडणारे फंक्शन, पुरत नाही. आपण अवतरणाच्या आत आहोत की बाहेर, याचे भान ठेवत अक्षर-अक्षर वाचावे लागते.

खरे तर अॅस्की या अक्षरसंकेतात 28 ते 31 हे क्रमांक केवळ विभाजनासाठी राखलेले आहेत. पण कळफलकावर त्यांची कळ नाही आणि पडद्यावर ती चिन्हे धड दिसत नाहीत, त्यामुळे रोजच्या फाइलींत ती रुजली नाहीत.

रिकाम्या रकान्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ‘सीमा,,पुणे’ या ओळीत मधला फोन क्रमांक दिलेला नाही. पायथॉनमध्ये स्वल्पविरामावर तोडले तर मधला रिकामा धरून तीन तुकडे मिळतात. सी भाषेतले एसटीआरटोक हे फंक्शन लागोपाठचे स्वल्पविराम एकच मानते, आणि ‘पुणे’ फोनच्या जागी जाऊन बसते. जावाचे स्प्लिट मधले रिकामे तुकडे ठेवते, शेवटचे मात्र आपणहून गाळते. फोन दिलेला नाही, हीसुद्धा माहितीच आहे. ती गाळणारी पद्धत नोंदींसाठी चुकीचीच.

म्हणून बाहेरून आलेली सीएसव्ही फाइल स्वल्पविरामावर हाताने तोडू नये. त्यासाठी तयार लायब्ररी वापरावी. पायथॉनमध्ये ती भाषेसोबतच मिळते.