आधी पाणी, मग माळ

वैशाखात आम्ही चार दिवस सत्संगात रमलो, आणि इकडे कामरेजजवळच्या आपल्या छोट्या शेतात भेंडी, गवार, मोगऱ्याने माना टाकल्या. परत आलो तेव्हा आमचीच मान खाली गेली.

अरणचे सावता महाराज आठवले (समाधी १२९५). मळ्यातलं काम हीच त्यांची पूजा. ते पंढरीला गेले नाहीत. पांडुरंगच भेटायला आला, असं परंपरा सांगते.

तहानलेलं रोप सोडून माळ ओढणं ही कसली भक्ती?

आता ऊन चढण्याआधी मुळाशी पाणी घालतो, वर पाचोळा पसरतो म्हणजे ओल टिकते. तोंडी नाम चालूच. गवारीला परत फुलं आलीत!

तुमच्या गॅलरीतल्या तुळशीला आज पाणी घातलं ना? बघून घ्या.
🌼 श्री गुरुदेव दत्त 🌼