शेतातला ठेवा आणि शेताचा मालक



आजच्या शुभवर्तमानात शेतात लपवलेल्या ठेव्याचा दाखला आहे. एका माणसाला दुसऱ्याच्या शेतात ठेवा सापडतो. तो पुन्हा पुरून ठेवतो, घरी जाऊन होते नव्हते ते विकतो आणि ते शेत विकत घेतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने एकदा मला विचारले होते, "फादर, त्याने मालकाला का नाही सांगितलं?" दाखला स्वर्गराज्याविषयी आहे, जमिनीच्या व्यवहाराविषयी नाही, असे सांगून मी वेळ मारून नेली.

तो प्रश्न गेल्या वर्षी मला ऑस्ट्रेलियात पुन्हा भेटला. ॲडलेडला स्थायिक झालेले आपल्याकडचे एक कुटुंब मला मोटारीने कूबर पेडीला घेऊन गेले. ॲडलेडहून उत्तरेला ८४६ किलोमीटर, आणि वाटेत बहुतेक ओसाड माळ. १९१५ साली सोने शोधायला आलेल्या टोळीतल्या विली हचिसन या १४ वर्षांच्या मुलाला इथे ओपल सापडले आणि त्यातून हे गाव उभे राहिले. आज वस्ती दीड हजाराच्या आसपास. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून बरेच लोक टेकड्या पोखरून केलेल्या घरांत राहतात. संत पेत्र आणि पौल यांचे चर्चही तसेच आहे. भिंतींना गिलावा नाही, नुसता लाल-पांढरा खडक. बाहेर भट्टी पेटलेली आणि आत मिस्सा चालू असताना गारवा! गावाबाहेर उघड्या खड्ड्यांचे रान आहे. फोटो काढताना मागे पाऊल टाकू नका, अशा पाट्या लावल्या आहेत.

इथे परवाना काढून कोणीही ठरावीक मापाची जागा खुंट्या ठोकून घेऊ शकतो. त्या जागेत सापडेल ते त्याचे. रात्री दुसऱ्याच्या खाणीत उतरून चोरी करणारे असतात, त्यांना 'रॅटर' म्हणतात.

मिस्सानंतर चहाच्या वेळी युरोपातून आलेला एक वृद्ध खाणकामगार भेटला. आठ महिने खोदून हाती काही लागले नाही, पैसे संपले, म्हणून त्याने जागा सोडली. पुढच्या माणसाला त्याच खड्ड्यात दोन हात पुढे ओपल लागले. "त्याने तुम्हाला काही द्यायला हवे होते का?" मी विचारले. तो हसला. "कशाला? मी सोडून गेलो होतो." मग जरा थांबून म्हणाला, "पण त्याला आधी माहीत असते, आणि मी खुंट्या उपटेपर्यंत तो गप्प बसला असता, तर..." वाक्य त्याने पुरे केले नाही.

सेमिनरीत शिकलेले मला आठवले. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हा दाखला नेमका याच अंगाने पाहिला आहे. समुद्रकाठी पडलेले, कधीच कोणाचे नसलेले रत्न सापडेल त्याचे. दुसऱ्याच्या शेतात पुरलेल्या जुन्या ठेव्यात मात्र कायद्याने मालकाचाही वाटा. म्हणून संपूर्ण हक्क मिळावा यासाठी त्या माणसाने शेतच विकत घेतले, असे ते म्हणतात. हक्काचा प्रश्न सुटला. गप्प बसण्याचा सुटला का? त्यांच्याही आधी सिसेरोने लिहिले आहे, दुष्काळी ऱ्होड्स बेटावर धान्य आणणाऱ्या व्यापाऱ्याविषयी. मागून आणखी जहाजे येत आहेत, हे त्याने गिऱ्हाइकांना सांगावे की चढा भाव घ्यावा? सिसेरोचा कौल सांगावे असाच आहे. अक्वायनस म्हणतात, न सांगितल्याने अन्याय होत नाही. पण सांगणे अधिक सद्गुणाचे. मला सिसेरो जवळचा वाटतो. प्रभू येशू लबाड कारभाऱ्याचाही दाखला देतो, म्हणून काही लबाडीची शिफारस होत नाही.

कूबर पेडीत तर याहून मोठे मौन पुरलेले आहे. १९१५ मध्ये ती भूमी ओसाड दिसली, तरी बेवारस नव्हती. अंतकिरिंजा मतू-यांकुनिजतजारा हे लोक तिथले. त्यांना कोणी विचारले नाही. त्यांचा भूमीवरील मूळ हक्क न्यायालयाने मान्य केला तो २०११ साली. तोवर जवळजवळ एक शतक खोदकाम चालले होते.

आपल्याकडे ओपल नाही, पण रस्ता कुठून जाणार हे आधी कळलेला माणूस आहे आणि ते न कळलेली म्हातारीही आहे. माझ्या पूर्वीच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ शेजारच्या आजींची वाडी घेणार होते. त्यांच्या परवानगीने हे लिहितो. मी एवढेच विचारले, "नकाशा आजींना दाखवला का?" ते रागावून निघून गेले. चार दिवसांनी त्यांनी दाखवला. आजींनी वाडी विकली नाही. आजही ते भेटले की त्या व्यवहारात किती लाख गेले याचा आकडा मला ऐकवतात, आणि मग चहाला घरी नेतात.

– तुमचा प्रमुख धर्मगुरू