उंबराआडचा राम

भक्तीला एकाग्रता लागते, हे सगळेच सांगतात. पण त्या एकाग्रतेच्या आड जे येईल ते तोडायचा हक्क भक्ताला मिळतो का? हा प्रश्न माझ्यापुढे पहिल्यांदा अँटेनामुळे उभा राहिला.

१९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा अर्धापूरच्या आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, टीव्ही नवीनच होता. रविवारी सकाळी शेजारपाजारचे अंघोळ करून यायचे, आजी टीव्हीला हार घालायची. पण लहर यायची नांदेडहून, आणि त्याच बाजूला घराला लागून उंबर आणि त्यामागे आंबे. पडद्यावर मुंग्या यायच्या. पावसाळ्यात पानं ओली झाली की चित्रच जायचं. कुणीतरी म्हणालं, “अण्णा, ह्या दोन फांद्या पाडा, राम चांगला दिसंल.” आजी म्हणाली, “दत्ताचं झाड हाय ते. त्याला तोडून रामाला बघायचं व्हय?”

आमच्या अण्णांनी मग उपाय शोधले. नुसत्या बूस्टरने भागत नाही; तो जे येतं तेच वाढवतो, मुंग्यांसकट. यागी आणि उदा या जपानी संशोधकांनी १९२६ च्या सुमारास मांडलेल्या अँटेनात मागे एक लांब काडी आणि पुढे आखूड काड्या असतात. पुढच्या काड्यांची संख्या वाढवली की समोरची लहर जास्त पकडली जाते आणि बाजूच्या लहरी सुटतात. पण पानांतलं पाणी लहर शोषतं, म्हणून उंचीही हवी. अण्णांनी जास्त काड्यांचा अँटेना घेतला, पाइपाला पाइप जोडून तो झाडाच्या वर नेला, तारेचे ताण दिले. खर्च वाढला, पण झाडाला हात लागला नाही.

आजीच्या उत्तराने माझं समाधान होत नाही. दत्ताचं म्हणून उंबर वाचला, मग मागच्या आंब्यांनी कुणाच्या नावावर वाचायचं?

याचं उत्तर मला भागवताच्या अकराव्या स्कंधात सापडतं. पैठणच्या एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि ती १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. त्यात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. परंपरा या अवधूताला दत्तात्रेयच मानते. पृथ्वीला गुरू करताना दुसऱ्यासाठी जगणं तो तिच्यावरच्या झाडाकडून शिकतो. एकाग्रता बाण करणाऱ्या कारागिराकडून. हा कारागीर कामात इतका बुडालेला, की शेजारून राजाची मिरवणूक गेली तरी त्याला कळलं नाही. त्याने मिरवणूक थांबवली नाही, रस्ता बंद करा असंही म्हटलं नाही. त्याच्या एकाग्रतेने दुसऱ्याकडून काहीच मागितलं नाही.

म्हणून झाड आणि कारागीर हे दोन गुरू एकमेकांच्या विरोधात नाहीत. निष्ठा माझी असेल तर तिची किंमतही मीच मोजायची. माझ्या दर्शनासाठी दुसऱ्याने आडवं व्हावं, असं म्हणताच भक्ती संपते आणि हट्ट सुरू होतो. मग ते झाड दत्ताचं असो की कुणाचंच नसो.

आज अनेक घरांवर डिश आहे. तिला उंची नको, उपग्रहाच्या दिशेचं मोकळं आभाळ हवं. तिथे पानांचा अडथळा आणखी जाचतो. म्हणून एवढंच सांगणं: आधी गच्चीचा दुसरा कोपरा बघा, अंगणातली मोकळी जागा बघा, केबल वाढवा. कुऱ्हाड काढू नका.