फळी माझी, उडी तुझी

आपल्या भाषेत कोणाचं काही वाईट झालं की दोष पायाला लागतो. 'त्याचा पाय घसरला' म्हटलं की पुढचं काही बोलावं लागत नाही. कशावरून घसरला, तिथे काय सांडलं होतं, हे कोणी विचारत नाही. बाईबद्दल बोलायचं असेल तर हे शब्द आणखीच पटकन तोंडात येतात.

आमचं गाव खाडीकाठचं. वाशिष्ठी दाभोळला समुद्राला मिळते, त्याच्या बरंच आत, वरच्या अंगाला. बाजार, दवाखाना, हायस्कूल सगळं पलीकडे. तरीशिवाय सोय नव्हती. ती तर चालवणाऱ्याला सारा गाव भाऊ म्हणे. होडीच्या पुढच्या अंगावर सात-आठ फळ्या जडवलेल्या, आणि तिथून धक्क्यापर्यंत टाकायची एक लांब फळी. कोणी घसरलं की सगळे त्या माणसाकडे बघत. भाऊ मात्र फळीकडे बघत.

फळी राखणं सोपं नसतं. होडीला खालून खारं पाणी, वरून पावसाचं. तळाचं लाकूड पोखरणारा किडा खाऱ्या पाण्यातला, पण वरच्या फळ्या कुजतात त्या गोड्या पाण्याने. म्हणून पावसाने उघडीप दिली की भाऊ फळ्यांवर खाडीचंच पाणी मारत. कूज बहुधा खिळ्याच्या भोकापासून सुरू होते. पाणी तिथे मुरतं, आणि लोखंडी खिळा गंजत भोक मोठं करत जातो. शिमगा आटोपला की भाऊ एकेक फळी टोच्याने टोचून बघत, मुठीने वाजवून ऐकत. धडकी फळी ठणकन बोलते, कुजकी भद्द वाजते.

नवी फळी सागाची, तांब्याच्या खिळ्यांनी बसवायची, आणि झाडाच्या गाभ्याकडची बाजू वर ठेवायची. फळी वाळताना सालीच्या अंगाला वाकते. ती बाजू वर आली तर फळीची पन्हळ होते, पाणी साचतं आणि शेवाळ धरतं. दोन फळ्यांमध्ये निथळायला फट हवी. जुन्या फळ्या पायांनी झिजलेल्या असतात, म्हणून नवी रंधून त्यांच्या पातळीला आणायची. नाहीतर घसरण जाते आणि ठेच येते.

मग रंग. ओल्या रंगावर चाळलेली वाळू भुरभुरायची, वाळला की सैल वाळू झाडून वरून दुसरा हात द्यायचा. वाळू नदीची, धुतलेली. किनाऱ्यावरची घेतली तर तिच्यातलं मीठ ओल धरतं आणि रंग पोपडे धरून सुटतो. वाळू किती घालायची हे खरं कसब. कमी पडली तर फळी बुळबुळीत, जास्त झाली तर अनवाणी पाय सोलतो, आणि आमच्या तरीवर चढणारे बहुतेक पाय अनवाणीच. भाऊ चप्पल काढून आधी स्वतः चालून बघत. मग त्यावर बादलीभर पाणी ओतून पुन्हा चालत.

एवढं करूनही काम संपत नसे. जिथे सगळ्यांचा पाय पडतो, तिथलीच वाळू आधी झिजते. म्हणजे ज्या जागेवर सगळ्यांचा भरवसा, तीच आधी दगा देणार. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी भाऊ नारळाच्या सोडणाने फळ्या घासायला बसत.

एका भादव्यात मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली म्हातारी त्या फळीवर आडवी झाली. मांदेली खाडीत गेली. धक्क्यावरचा एकजण म्हणाला, "बघून पाय टाकायला काय होतं?" भाऊंनी म्हातारीला उठवून बसवलं आणि त्याला म्हणाले, "डोक्यावर पाटी घे नि खाली बघून दाखव."

तो गप्प झाला. भाऊंनी फळीवरून तळवा फिरवला. हातभर जागा गुळगुळीत लागली. "आठ दीस नाय झाले घासून, तर शेवाळ धरलंन," एवढंच बोलले आणि सोडण घेऊन बसले. मासळीचे पैसे त्यांनी तरीच्या पैशांतून चुकते केले.

'बघून चाल' हा उपदेश ज्याचं डोकं मोकळं आहे त्यालाच उपयोगी. डोक्यावर ओझं असलेल्याची मान ताठ राहते. त्याला खाली बघता येत नाही, तो फळीवर भरवसा ठेवून पाय टाकतो. गावात ज्यांचा ज्यांचा 'पाय घसरला' म्हणून मी ऐकलं, त्यांना आठवून बघतो. सावकाराच्या व्याजाखाली दबलेला कुळवाडी. वयाच्या पंधराव्या वर्षी मुंबईला एकटा धाडलेला आणि दारूला लागलेला पोरगा. भावाच्या घरात उष्टी काढणारी विधवा. एकाचंही डोकं मोकळं नव्हतं. त्यांच्या पायाखालची फळी शेवटची कोणी, कधी घासली होती?

मग माणसाची काहीच जबाबदारी नाही का? सगळं फळीवर ढकललं तर माणूस बेफिकीर होईल, असं म्हणणारे असतात, आणि त्यांचं सगळंच खोटं नाही. भाऊंनाही तसं वाटत नव्हतं. होडी धक्क्याला लागायच्या आत एका पिऊन आलेल्याने उडी मारली आणि चिखलात पडला. भाऊंनी त्याला गचांडी धरून वर ओढला. "फळी माझी, उडी तुझी," म्हणाले. दोष कोणाचा हे ते दर वेळी वेगळं करत, पण सुरुवात आपल्या फळीपासून. मला वाटतं, न्यायाचा क्रम हाच. 'पाय जपून टाक' हे सांगायचा हक्क ज्याने आधी फळी घासली त्यालाच.

अडचण ही, की या कामाचा पुरावा उरत नाही. जो घसरला नाही, त्याला आपण घसरलो नाही हे कळतसुद्धा नाही. मुंबई इलाख्यात तरींसाठी कायदा झाला तो 1868 साली. आमच्या तरीचा ठेका बोलीवर जाई, आणि बोली पैशांची. फळ्यांवर खर्च करणाऱ्याची बोली कमीच राहणार. एका साली ठेका दुसऱ्याने घेतला. त्याने फळ्यांना नुसताच चकचकीत रंग मारला. होडी नव्यासारखी दिसू लागली, लोक खूश झाले. मृग लागला आणि माणसं पडू लागली. तेव्हाही धक्क्यावर तेच ऐकू येई, बघून पाय टाकायला काय होतं!

2003 पासून दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू आहे. तिच्यावर गाड्याही चढतात. आता फळीच्या जागी लोखंड आलं. पण लोखंडही झिजतं, आणि जिथे वर्दळ जास्त तिथेच आधी. ते वेळेवर बघणारा माणूस लागतोच.

'पाय घसरला' हे शब्द भाषेतून जायचे नाहीत, आणि जावेत असंही नाही. ऐकणाऱ्याने फक्त एवढं विचारावं, फळी कोणाच्या ताब्यात होती? पुष्कळदा उत्तर 'आपल्याच' असं येईल.