रद्द झालेल्या उड्डाणांचा हिशेब

पदरचं इंधन जाळून, सुट्टीचा दिवस मोडून जो दुसऱ्यासाठी विमान उडवतो, त्याला नियम सांगायला जीभ रेटत नाही. पगारी माणसाला जाब विचारता येतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला कोणत्या तोंडाने विचारणार? स्वयंसेवी हवाई संस्थांमध्ये सुरक्षा व्यवस्थापन अडतं ते बहुधा या संकोचापाशीच.

ऑस्ट्रेलियातली ‘एंजल फ्लाइट’ ही संस्था दूरच्या गावांतल्या रुग्णांना शहरातल्या डॉक्टरांकडे मोफत नेते-आणते. वैमानिक सगळे स्वयंसेवक. २८ जून २०१७ रोजी अशाच कामासाठी माउंट गॅम्बियरहून ॲडलेडला निघालेलं एक छोटं विमान खाली उतरलेल्या ढगांत शिरलं आणि जेमतेम मिनिटाभरात कोसळलं. वैमानिक, एक सोळा वर्षांची मुलगी आणि तिची आई असे तिघेही गेले. तपासयंत्रणेने २०१९च्या अहवालात नोंदवलं की, अशा उड्डाणांतलं जीवघेण्या अपघातांचं प्रमाण इतर खासगी उड्डाणांपेक्षा बरंच जास्त आहे. शक्य असेल तिथे रुग्णांना नेहमीच्या प्रवासी विमानाने पाठवण्याचा विचार करा, असंही संस्थेला सुचवलं.

उड्डाण कर, असा हुकूम अशा वैमानिकाला कुणी देत नाही. पण समोर रुग्ण उभा असतो, डॉक्टरांची वेळ ठरलेली असते आणि ‘आज नको’ म्हणणं स्वतःलाच कमीपणाचं वाटतं. माणसाला या कामात आणणारा सद्भाव ढगाळ सकाळी त्याच्याच निर्णयावर ओझं टाकतो. म्हणून इथे पहिला धोका चांगुलपणाचाच धरावा लागतो.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या एकोणिसाव्या परिशिष्टाने २०१३ साली सुरक्षा व्यवस्थापनाचे चार भाग आखून दिले: धोरण, जोखमीचं व्यवस्थापन, व्यवस्थेची सतत तपासणी आणि प्रसार. ते कागदावर उतरवायला एक दुपार पुरते. खरं काम आहे ते ‘नाही’ हा शब्द एकट्या वैमानिकाच्या खांद्यावरून उतरवण्याचं. अमेरिकेतल्या ‘सिव्हिल एअर पेट्रोल’ या १९४१ पासूनच्या स्वयंसेवी दलात वैमानिकाला आपल्या मनाने निघता येत नाही. उड्डाणाला संमती देणारा दुसरा सदस्य त्याला हवामान, अनुभव, थकवा यांबद्दल विचारतो आणि मगच होकार देतो. नकार आला तर तो पद्धतीचा. कुणाच्या भित्रेपणाचा नाही.

दुसरं काम चुका बोलत्या करण्याचं. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणारं टीडब्ल्यूए कंपनीचं विमान माउंट वेदर डोंगरावर आदळलं आणि ९२ जण मेले. त्याच मार्गावर, हवाई नियंत्रकाच्या सूचनेचा तसाच चुकीचा अर्थ लावल्यामुळे, सहा आठवडे आधी युनायटेडचं एक विमान थोडक्यात वाचलं होतं. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण ती गोष्ट बाहेर पोचली नाही. पुढे १९७६ साली नासाकडे गोपनीय नोंदींची व्यवस्था आली. नियामकाकडे कबुली द्यायला वैमानिक धजावणार नाहीत हे ओळखून ती तिऱ्हाइताच्या हाती दिली, आणि नावं पुसण्याची पद्धत ठेवली.

छोट्या क्लबात हे आणखी अवघड. तिथे सगळे एकमेकांचे मित्र, त्यामुळे नोंद करणं ही चुगली वाटते. सर्वांत अनुभवी वैमानिक बऱ्याचदा संस्थापक किंवा देणगीदारही असतो. त्याच्या बेफिकीर लँडिंगबद्दल बोलणार कोण? हँगरमधल्या चहावर सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, संस्थेला मात्र काहीच ठाऊक नसतं. अध्यक्षाने स्वतःची चूक आधी लिहून दिली तरच बाकीच्यांची लेखणी हलते. नोंदीचं पुढे काय झालं हे महिन्याभरात कळलं नाही, तर ती पुन्हा थांबते.

नियम वाढले की स्वयंसेवक गळतात, हा आक्षेप खरा आहे. फुकट मिळणारा वेळ लांबलचक फॉर्म भरण्यात घालवणं अन्यायाचं, म्हणून फॉर्म छोटाच हवा. पण मागच्या सीटवरचा माणूस स्वयंसेवक नसतो. हे उड्डाण प्रवासी कंपनीच्या निकषांवर चालत नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये हीच शिफारस केली होती. चुकून झालेलं माफ व्हावं. जाणूनबुजून केलेली बेपर्वाई मात्र सेवेच्या नावाखाली खपू नये.

संस्थेला काय मोलाचं वाटतं, ते तिच्या वार्षिक अहवालात दिसतं. तिथे किती तास उडालो, किती रुग्ण नेले, हे अभिमानाने छापलेलं असतं. त्याच पानावर, त्याच टायपात, किती उड्डाणं रद्द केली हेही छापावं. ज्यांनी ती रद्द केली त्यांचा सत्कारही त्याच मंचावर व्हावा.